खडूची शून्यं

"येतंय का?"

कुणाच्या घरात पाऊल टाकलं की माणसं 'काय, बरं आहे ना' म्हणतात. भाऊ म्हणायचे, "येतंय का?" चप्पल काढता काढता, मान जरा तिरकी करून. टेलिफोन खात्यात तीस वर्षं लाइनमन म्हणून खांबावर चढलेला माणूस दुसरं काय विचारणार? फोनला आवाज येतोय का, नळाला पाणी येतंय का, पोरीचं पत्र येतंय का, सगळं त्या एका प्रश्नात. आणि तुम्ही 'नाही' म्हणालात की कपाळावरची शीर फुगलीच. एखादी गोष्ट येत नाही, हे त्यांना मंजूरच नसायचं.

असा माणूस तुमच्याही गल्लीत असेल, आठवून बघा. कमिटीला नको असतो आणि अडचण आली की पहिली हाक त्यालाच जाते.

भाऊ आता नाहीत. नाव सांगत नाही, छापलेलं त्यांना चाललं नसतं. पाथर्डी फाट्याच्या अलीकडे आमची बावीस रो हाउसांची सोसायटी. त्यांचं घर आणि माझं घर शेजारी, मध्ये दोन हात रुंदीचा बोळ. मी शाळेत मराठी शिकवायची म्हणून सगळ्यांची 'बाई', आणि दुसरं कुणी तयार होईना म्हणून सोसायटीची सेक्रेटरी. स्वभाव आधीच तापट, त्यात हातात लेटरहेड. मग काय विचारता!

नव्वद-एक्क्याण्णवच्या पावसाळ्यात माझा फोन मुका झाला. कळवणला माझी आई आजारी, आणि इकडे डब्यातून नुसती खरखर. तक्रार केली, दोन दिवसांनी कळलं की ती निकाली निघालीय. मी तणतणत बोळात उभी राहून भाऊंना म्हटलं, "कागदावर माझा फोन दुरुस्त झालाय म्हणे!"

"कागदावर बोलता येतं का?" ते म्हणाले. रविवार होता, सुट्टी होती. तरी सायकलवर शिडी टाकून निघाले. खांबामागून खांब करत, चिखल तुडवत, संध्याकाळी माझ्या फोनवर त्यांचा आवाज आला, कुठल्या तरी खांबावरून. "बाई, आईंना लावा. मी खाली उतरतोय." चहाला बोलावलं तर आले नाहीत. वहिनी वाट बघत असतील म्हणाले.

वहिनी म्हणजे त्यांची बायको. भाऊ निवृत्त झाले त्यानंतर दोनेक वर्षांनी त्या कमरेखाली लुळ्या झाल्या आणि अंथरुणाला खिळल्या. भाऊंनी त्यांच्यासाठी घराच्या अगदी मागे एक खोली बांधून घेतली. मोठी खिडकी, खिडकीबाहेर लिंबाचं झाड, बाजूला माझ्या स्वयंपाकघराचं दार. तिथून वहिनी मला भाजीत मीठ किती घालायचं तेही सांगायच्या. माझी भाजी बघून नाही हो, नुसत्या वासावरून.

त्यांची एकुलती एक मुलगी माधुरी. लग्न होऊन ऑस्ट्रेलियात गेली, तिथेच पहिला मुलगा झाला. मग दुसऱ्यांदा दिवस राहिले आणि नेमकी त्याच वर्षी वहिनींची फुप्फुसं थकायला लागली. माधुरीला तिथल्या डॉक्टरांनी विमानाला साफ मनाई केली. इथल्या डॉक्टरांनी भाऊंना बाजूला घेऊन सांगितलं, फार दिवस नाहीत.

फोन होता, रोज बोलणं होत होतं. पण वहिनी मला म्हणाल्या, "आवाजावरून पोर रोडावली की भरली ते कळत नाही हो बाई. मला तिला एकदा नीट बघायचंय. आणि नातवालाही." एवढीच मागणी. भाऊंनी ती शब्दशः घेतली.

जावयाने लॅपटॉप पाठवला. भाऊंनी घरात इंटरनेट घेतलं. हॉलमध्ये दोन शिंगांची डबी बसली, वायरीशिवाय नेट देणारी. हॉलमध्ये चित्र कसं, लख्ख! माधुरीच्या कानातल्या कुड्या दिसत होत्या. भाऊ लॅपटॉप उचलून मागे निघाले. स्वयंपाकघरापाशी माधुरी थिजली. न्हाणीघर ओलांडलं आणि माधुरी गेली. वहिनींच्या खोलीत नुसता काळा पडदा.

मग सल्ले सुरू झाले. वायर ओढा म्हणाले लोक. भाऊंनी ओढली, उंदरांनी कुरतडली. पुन्हा ओढली, पुन्हा कुरतडली. पाइपात घातली, तर मेल्यांनी पाइपासकट खाल्ली. आयुष्यभर तारा सांभाळलेल्या माणसाला उंदरांनी हरवावं? भाऊ तीन दिवस नुसते धुमसत होते. चौथ्या दिवशी म्हणाले, "बास झाली वायर. आता विनावायरीचं तिथपर्यंत नेतो, बघतोच कसं येत नाय ते!" रागात ते सिन्नरकडचं बोलायचे.

दुसरा सल्ला माझाच. शहाणपणाचं वाटलं म्हणून दिला. "भाऊ, वहिनींचा पलंगच हॉलमध्ये आणा ना. चार माणसं लावली की झालं."

ते माझ्याकडे असे बघायला लागले, मी जणू त्यांना शिवी दिली. "ती हॉलमध्ये यायची नाय, बाई. इंटरनेटने आत यायचं."

मी म्हटलं, हा हट्टीपणा झाला. बायको आजारी आणि याला आपली अकड दाखवायचीय! मनातल्या मनात चार शब्द ऐकवून मी दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशीपासून भाऊ उघडा लॅपटॉप दोन्ही हातांवर धरून, आरतीचं ताट न्यावं तसे, एकेक पाऊल टाकत फिरायला लागले. खिशात खडू. पडद्याच्या कोपऱ्यात सिग्नलच्या काड्या दिसायच्या, त्या मोजायच्या आणि तिथेच भिंतीवर आकडा लिहायचा. हॉलमध्ये चार. स्वयंपाकघराच्या दारात दोन. लोखंडी कपाटामागे एक. न्हाणीघराच्या भिंतीवर शून्य, मांडणीपाशी शून्य, वहिनींच्या उशाशी शून्य. एवढ्यावर थांबतील तर ते भाऊ कसले! बोळात आकडे, मागच्या कुंपणावर आकडे, आम्ही नुकताच रंग दिलेल्या सोसायटीच्या भिंतीवर आकडे.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी लेटरहेड काढलं. 'सभासदांनी सामायिक भिंतींचे विद्रूपीकरण तात्काळ थांबवावे.' विद्रूपीकरण हा शब्द लिहिताना मला फार बरं वाटलं होतं, आज कबूल करते. संध्याकाळी तीच नोटीस परत आली. मागच्या बाजूला त्यांचं उत्तर, पेन्सिलीने: 'भिंत सोसायटीची आहे. शून्य माझं आहे. ते गेलं की भिंत पुसून देईन.'

मी दुसरी नोटीस पाठवली. तीही परत आली. तिच्या मागे नुसता बोळाचा नकाशा होता, आकड्यांसकट. कागद वाया जाऊ नये म्हणून वापरला असणार.

मग त्यांनी कॉलेज रोडवरच्या एका दुकानातून दुसरी डबी आणली, सिग्नल उचलून पुढे ढकलणारी. आणून थेट वहिनींच्या उशाशी बसवली. जिथे येत नाही तिथेच तर पाहिजे ना! दिवा लागला, माधुरी काही आली नाही. दोन दिवस डबी उलटी केली, सुलटी केली, शिंगं फिरवली. शेवटी ती पिशवीत घालून तावातावाने दुकानात गेले.

परत आले ते पडलेल्या तोंडाने. बोळातच भेटले. एरवी आमचं बोलणं बंद होतं, पण त्यांना कुणाला तरी सांगायचंच होतं. "दुकानदार म्हणतो, काका, ही डबी स्वतः काही तयार करत नाही. मिळेल ते पुढे देते. तुम्ही तिला ठेवली शून्यात, ती शून्यच देणार. मोठ्या ऑफिसात म्हणे अशा चार-पाच असतात, एकमेकींना हात देत सगळीकडे पोचवतात. जाळं म्हणतात त्याला." मग स्वतःच्याच कपाळावर हात मारला. "पंप कोरड्या विहिरीत बसवला मी, बाई! आपल्या सोयीने बसवला, पाणी बघितलं नाय."

म्हणजे डबी अशा जागी हवी होती, जिथे हॉलमधला सिग्नल अजून जिवंत आहे आणि जिथून वहिनींची खोली दिसते. त्यांच्या घरात मधोमध न्हाणीघर, फरश्या, पाण्याची टाकी, भांड्यांची मांडणी. सगळी शून्यं. नकाशात मधली, जिवंत जागा एकच होती. त्यांच्या हॉलच्या खिडकीतून बोळात, बोळातून माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीत आणि तिथून वहिनींच्या खिडकीत. तिथे त्यांनी तीनचा आकडा लिहून ठेवला होता. माझ्या खिडकीच्या चौकटीवर, मला न विचारता!

दुसऱ्या दिवशी दारात उभे. विनंती वगैरे काही नाही. "बाई, तुमच्या खिडकीजवळच्या फडताळावर माझी डबी बसणार आहे. नोटीस काय काढायची ती काढा."

मी म्हटलं, "अजिबात नाही. त्या लहरींनी डोकं दुखतं, पेपरात येतं सगळं. आणि अशी मागतात वस्तू?"

"मागत नाय. सांगायला आलोय."

"मग मीही सांगते, नाही बसणार!"

ते गेले. मी मात्र गप्प बसते होय? बोळातून तडक वहिनींकडे गेले, नवऱ्याची तक्रार करायला. म्हटलं, समजवा त्यांना, पलंग हॉलमध्ये नेला की काम झालं, सगळ्यांना कशाला वेठीला धरतात?

वहिनींनी श्वास घेतला, मग हळूहळू बोलल्या. "ह्यांचा हट्ट नाय तो. मीच नाय म्हटलंय. हॉलमध्ये पोस्टमन येतो, दूधवाला येतो, मीटर बघणारा येतो. माझं भांडं पलंगाखाली असतं, बाई. तिथे मी आजारी बाई. इथे अजून घरातली आहे. पोरीने मला बघायचं, तर घरातली बघावं."

त्यांच्या उशाशी भिंतीवर ते खडूचं शून्य होतं, वाटीएवढं मोठं. नोटिशीत मी ज्याला विद्रूपीकरण म्हटलं होतं ते हेच. मला स्वतःची लाज वाटली, अगदी स्वच्छ लाज.

घरी येऊन मी फडताळावरचे लोणच्याच्या बरण्या खाली काढल्या आणि बोळात तोंड करून ओरडले, "भाऊ, आणा ती डबी! आणि स्टूल तुमचं आणा, माझं मोडकं आहे."

अर्ध्या तासात डबी बसली. हिरवा दिवा लागला. बोळापलीकडून आधी भाऊंचं "येतंय का?" आणि मग वहिनींचं हसू ऐकू आलं. धाप लागत होती तरी हसत होत्या. "अगं, किती रोडावलीस! आणि हा बघ, हा अगदी आजोबांसारखाच नाकाडा!" मी ओट्याशी उभी राहून रडले. पोळी करपली.

त्यानंतर रोज अकराला माधुरी यायची. वहिनी लुगड्याची घडी नीट करून, कुंकू लावून तयार असायच्या. त्या दिवसांत भारनियमन होतं, बारापासून तीन-तीन तास वीज नसायची. भाऊंनी हॉलमधली डबी जुन्या स्कूटरच्या बॅटरीवर चालवली. माझ्याकडची डबी माझ्या इन्व्हर्टरवर. तो इन्व्हर्टरही म्हातारा, पंखा आणि दोन दिवे लावले की तासाभरात कुंथायला लागायचा.

मेच्या मध्यावर वहिनींनी खाणं सोडलं. दवाखान्यात जायला त्यांनी हाताने नको म्हटलं. एका दुपारी वहिनींचा मालेगावचा भाऊ आला, हॉलमध्ये गर्दी झाली. वीज नुकतीच गेली होती. मी माझ्या ओट्याशी होते, तिथून सगळं ऐकू येत होतं. लॅपटॉपमधून माधुरी 'आई, आई' करत होती.

"बंद करा ते," वहिनींचा भाऊ म्हणाला. "जाणाऱ्या माणसाला असं पडद्यावर दाखवतात का? लोक काय म्हणतील?"

"लोक हॉलमध्ये बसलेत. त्यांना तिथेच बसू द्या," भाऊ म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "तिची पोर आहे. ती आत येणारच. कुणी हात लावायचा नाय."

कुणी लावला नाही.

माझ्या इन्व्हर्टरने पहिली शिट्टी मारली. मी पंखा बंद केला. दिवे बंद केले. दार लावलं, उन्हाची झळ येत होती म्हणून, आणि फडताळाखाली भाऊंच्या स्टुलावर बसले. घाम डोळ्यांत जात होता. मी देवाला काही मागितलं नाही. डबीला म्हणत होते, टिक गं बाई, टिक. पलीकडून माधुरी लहान मुलाला सांगत होती, आजीला हाक मार. तो हाक मारत होता. पुन्हा. पुन्हा. मग वहिनींची धाप ऐकू येईनाशी झाली आणि माधुरीचा आवाज फुटला.

माझ्या स्वयंपाकघराचं दार ढकलून भाऊ आत आले. मला बघितलं, वर थांबलेल्या पंख्याकडे बघितलं. माझं लुगडं घामाने अंगाला चिकटलं होतं.

"पंखा लावा आता, बाई," ते म्हणाले.

मी स्टुलावरूनच वर डबीकडे बघितलं. म्हटलं, "माधुरी आहे अजून समोर?"

"आहे. आईकडे बघत बसलीय."

"मग राहू दे पंखा."

भाऊंनी मान हलवली आणि माझ्या उंबऱ्यावर बसले. वीज यायला अजून पाऊण तास होता.