सतराव्या पानावरच्या खुणा

वाचनालयातली जुनी भुताची पुस्तकं रद्दीत काढायचा हट्ट माझाच. मुखपृष्ठावर अर्धवस्त्र हडळ, आत मांत्रिक आणि वासना! अंधश्रद्धेविरुद्धची पत्रकं वाटत मी वाढले होते.

“अगं, आधी सतरावं पान बघ,” ग्रंथपाल कुसुमताई हसल्या. “वाचलेलं पुस्तक पुन्हा घरी जाऊ नये म्हणून बायका तिथे खूण करतात.”

मी हातातल्या पुस्तकाचं सतरावं पान उघडलं. पेन्सिलीची टिंबं, मासे, फुलं. आणि आई मसाल्याच्या डब्यांवर काढते तशी चंद्रकोर. पत्रकांना माझ्याबरोबर खळ लावणारी आई! त्या एकाच पानावर चंद्रकोरी तर तीन होत्या, म्हणजे तीनदा वाचलेलं!

माझ्या कुठल्याच पत्रकावर इतक्या बायकांनी सही केली नव्हती.

“कुसुमताई, हे माझ्या नावावर लिहा,” मी म्हटलं. “आणि पेन्सिल आहे का?”