भाजीत मीठ टाकलं का

उत्तममामा गेले त्याला पाच आठवडे झाले. फोन आला तेव्हा मी ज्वारी निवडत होते. त्यांची मुलगी सविता एवढंच म्हणाली, "ताई, दादा गेले..." त्या दिवशी पोटभर रडले. आज मात्र राहवत नाही म्हणून वही उघडली आहे. काल मला मामा परत सापडले, आणि हे तोंडानं कुणाला सांगायचं तर माझी जीभ उचलत नाही.

मामा माझ्या आईचे धाकटे भाऊ. बिडकीनला त्यांचं कॅसेटचं दुकान होतं, लग्नाकार्यात ते भोंगेही लावायचे. आमच्या चितेगावच्या बायका लग्नाची हळद दळताना गाणी म्हणतात. त्यांची कॅसेट काढायचं मामांच्या मनानं घेतलं. गाणी मला सगळ्यांत जास्त यायची, पण माईक समोर आला की माझा घसा बंद. तीन दिवस मामा आले आणि तसेच परत गेले. चौथ्या दिवशी पुतण्याची खरीखुरी हळद दळायची होती. मामांनी आवाज घुमू नये म्हणून भिंतीला गोधड्या टांगल्या, माईक खुंटीला अडकवला आणि तोंड पाडून म्हणाले, "कमळे, मशीन बिघडलंय बघ. तू आपली दळ."

आणि मशीन दुरुस्त करत असल्यासारखे तिथंच खुंटीखाली बसून राहिले. मग काय, मी मोकळी झाले. जातं फिरतंय, बांगड्या वाजतायत, एकामागून एक गाणं येतंय. एका गाण्यात मधेच मला चुलीवरची भाजी आठवली आणि मी थोरल्या जाऊबाईंना हाक मारली, "अक्का, भाजीत मीठ टाकलं का वं?" आतून त्या ओरडल्या, "टाकलं, टाकलं! तू गाणं म्हण!" मी पुढचं कडवं उचललं.

मशीन बिघडलेलं नव्हतंच. कॅसेट ऐकताना ते मीठ आलं आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, तशीच उठून अंगणात पळाले. आठ दिवस मी मामांशी बोलले नाही. आणि ती कॅसेट तर गावोगाव गेली! अजूनही हळदीला लावतात. ते मीठ आलं की सगळ्या बायका एका सुरात ओरडतात, "टाकलं, टाकलं!" तेवढ्या वेळेला मी उठून अंगणात जायची. इतकी वर्षं गेली, एकदाही तिथं बसले नाही.

नंतर मामांनी शहरात, मोठ्या स्टुडिओत दुसरी कॅसेट केली. मी नाही म्हटलं, तर दुसऱ्या बायका गायल्या. चांगल्या गायल्या, पण मागं सगळी इलेक्ट्रिकची वाद्यं. तेव्हा ती लई भारी वाटायची, आता लावली की पोरी हसतात. मामा म्हणायचे, "मी त्यात त्या सालाची फॅशन भरली गं. फॅशन म्हातारी झाली, गाणी बी झाली. तुझी हळद बघ, आज दळल्यावाणी वाटती."

"मग तेवढं मीठ काढा की, मामा."

"येडी हाय का? सगळी चव तिथंच हाय."

शेवटचं भेटायला गेले तेव्हाही मी तेच बोलले. मामा खाटेवर होते, दम लागत होता. ते सविताला म्हणाले, "हिची लई जुनी तक्रार हाय. मी गेल्यावर काढ बाई ते मीठ..."

सवितानं त्यांचा शब्द पाळला. शहरात कॅसेट नेऊन सगळी गाणी फोनात करून घेतली, माझ्या वाक्यापासून पुढच्या कडव्यापर्यंतचा तुकडा काढला, आणि मोठ्या आनंदानं मला ऐकवायला आली. मी ऐकलं. कडव्याला कडवं नीट जुळलं होतं... पण घरात कुणी नसल्यासारखं वाटलं. इतकी वर्षं जे मागितलं तेच हातात आलं होतं, आणि मला ते नको होतं. तोंडावर पदर घेऊन कसंबसं म्हणाले, "सविता, परत घाल गं ते."

"ताई! आता काय म्हणावं तुम्हाला!" ती कपाळाला हात लावून हसली. पण मूळ कॅसेट होती म्हणून निभावलं.

काल तिनं जसंच्या तसं पाठवलं. घरात मी एकटीच होते. जन्मात पहिल्यांदा मी त्या जागेवर उठले नाही. मीठ आलं. "टाकलं, टाकलं" आलं. आणि मग अगदी माईकला लागून, तोंड दाबून धरलेलं असूनही फुटलेलं हसू... मामांचं! बायकांच्या ओरडण्यात ते आजवर कुणाला ऐकूच आलं नव्हतं. आणि मी तर अंगणात असायची. मी दहा वेळा ऐकलं. नाही, जास्तच.

रविवारी जाऊबाईंच्या नातीची हळद आहे. या वेळी मी बाहेर जाणार नाही. बायका ओरडायला लागायच्या आत हात वर करून सगळ्यांना गप्प करणार आहे. मी!