मागच्या दारावरची कप्पी

आधीच सांगते, मी गणिताची शिक्षिका. भुताखेतांच्या गप्पा सुरू झाल्या की उठून चहा टाकायला जाणारी. "सिद्ध कर, मग बोल" हे मी इतक्यांदा म्हटलंय की घरात माझी त्यावरून थट्टा होते. त्यामुळे हे लिहिताना मलाच माझा राग येतोय... पण लिहिते.

आम्ही रत्नागिरीत, कुवारबावला राहतो. साधं चिऱ्याचं घर, मागे पडवी, पडवीत धुण्याचा दगड. त्या दगडापाशी शेवाळावरून पाय घसरला आणि मी उजव्या खांद्यावर आपटले. हाड जुळलं, पण खांदा काही सुटेना. वर्ष उलटून गेलं तरी हात छातीच्या वर जाईना. वेणी आमचे हे घालायचे — म्हणजे घातल्यासारखं करायचे!

त्यातच तनूकडे, आमच्या लेकीकडे, गोड बातमी आली. पहिलं बाळंतपण माहेरी आणि बाळाला न्हाऊ मीच घालणार, हे मी तिच्या लग्नातच जाहीर करून टाकलेलं. पण एका हाताने बाळ पायावर घेऊन न्हाऊ घालणार कसं? तनू फोनवर चाचरत म्हणाली, "आई, मी चिपळूणलाच राहते ना. सासूबाई करतील सगळं. तू उगाच त्रास घेऊ नकोस." मी "बरं" म्हटलं, फोन ठेवला आणि पोटभर रडले.

मला व्यायाम शिकवणारी फिजिओथेरपिस्ट सायली, वयाने तनूएवढीच. तिने दोरीचा व्यायाम दिला. दाराच्या चौकटीला कप्पी टांगायची, तिच्यावरून दोरी, दोन टोकं दोन हातांत. चांगल्या हाताने खाली ओढलं की दुखरा हात आपोआप वर जातो.

"काकू, हळू हं. दुखायला लागलं की तिथेच थांबायचं. जबरदस्ती केलीत तर पुन्हा पहिल्यापासून."

कप्पी ह्यांनी माळ्यावरून काढली. माझ्या सासऱ्यांच्या होडीवरची. बाबा बुरोंडीचे, सगळं आयुष्य मासेमारीत गेलं. ते गेल्यावर होडी विकली, पण ही कप्पी तेवढी ह्यांनी फडक्यात गुंडाळून ठेवलेली. मी लांज्याची, लग्न होऊन आले तेव्हा मला काट्यांची भारी भीती. पहिल्या दिवशी बाबांनी माझ्या ताटातला मासा स्वतः सोडवून दिला होता.

व्यायाम सुरू झाला, पण धीर कुणाला? मी जोर लावायचे, खांदा सुजायचा, सायली रागवायची. असं करत तनूचा सातवा महिना लागला.

त्या दिवशी तिचा फोन आला — चिपळूणलाच राहायचं जवळजवळ ठरलंय. दुपारची वेळ, पडवीत स्वच्छ ऊन. मी रडत तशीच उठले, दोरी धरली आणि रागारागाने खाली खेचली. दोरी हलेना! पुन्हा खेचली. छे. कप्पी अडकली म्हणावं तर सकाळीच तेल घातलेलं.

मी दमून हात सैल सोडले. आणि दोरीला दोन हलके झटके बसले. टुक... टुक. मग माझा उजवा हात वर जायला लागला. मी ओढत नव्हते, देवाशप्पथ. अगदी सावकाश, खांद्यापर्यंत आला, त्याच्या थोडा वर गेला. कळ यायला लागली तिथे थांबला. मी डावा हात दोरीवरून काढून घेतला... उजवा तरीही वरच! मग तितक्याच सावकाश तो खाली आला.

मला घाबरायला हवं होतं. पण मला वाटली ती लाज. रडत होते ना, ते कुणीतरी बघितलं म्हणून.

दुसऱ्या दिवशीही तेच. आधी दोन झटके, मग हात वर. रोज बोटभर जास्त, पण कळ आली की तिथून पुढे नाही. सायली खूश. "काकू, आता कशा शहाण्यासारख्या करताय!" तिला काय सांगणार, कपाळ!

शेवटी एकदा जेवताना ह्यांना सांगितलं. हसतील म्हणून आधीच डोळे वटारले होते. दोन झटक्यांचं सांगितलं आणि ह्यांचा घास हातातच राहिला.

"अगो, तुला हे सांगितलंन कोणी?"

"काय कोणी?"

मग म्हणाले, लहानपणी बाबांबरोबर होडीवर जायचे तेव्हा एकदा ह्यांचं बोट दोरीत चेंगरलं. इंजिनाच्या आवाजात बाबांची हाक ह्यांना ऐकू आली नव्हती. तेव्हापासून जाळं ओढायच्या आधी बाबा दोरीला दोन झटके द्यायचे. म्हणजे, हात सैल सोड, आता मी ओढतो.

"माझ्यासाठीच हो फक्त. खलाशी हसायचे त्यांना," हे म्हणाले आणि ताटावरून उठून गेले. ह्यांना रडताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

माझा हात वर जातोय म्हटल्यावर तनूने चिपळूणचा बेत बदलला आणि ती माहेरी आली. बाळ झालं. आणि मी ह्या दोन हातांनी त्याला पायावर घेऊन न्हाऊ घातलं... काय सांगू! त्या दिवसापासून दोरी मुकाट आहे. मी ओढते तेवढीच हलते.

एकदा संध्याकाळी हे मागच्या दारात दोरीचं टोक धरून उभे दिसले. ह्यांचा खांदा ठणठणीत. दोरीला दोन झटके दिले आणि वाट बघत राहिले.

"काही झालं का हो?"

"नाही गो. त्यांचं काम झालं."

मला हे सिद्ध करता येत नाही. वारा म्हणा, मनाचे खेळ म्हणा, मी वाद घालणार नाही. पण मला ठाऊकच नसलेले ते दोन झटके माझ्या मनाने कुठून आणले, ते मात्र मला कुणीतरी समजावून सांगा.

कप्पी अजून तिथेच आहे. आणि परवा तनूने मला हटकलं, "आई, तू बाळाला उचलायच्या आधी त्याचा हात दोनदा का हलवतेस गं?" मला पत्ताच नव्हता. आता बघते तर खरंच... मी हात हलवते आणि तो अंग सैल सोडतो.