पोत्यातली माती

पत्नी गेली त्या उन्हाळ्यात तिचा मोगराही कुंडीत वाळला. इतवारीकडून मातीच्या कुंड्या विकायला येणाऱ्या बाईला मी म्हटलं, "ही मातीसकट घेऊन जा."

तिने कुंडी अंगणात उपडी केली आणि उकिडवी बसून मुळं वेचू लागली. मातीत चहाचा चोथा दिसला तशी हसली. "बाई चहा पाजत होती वाटते हिले! म्हणूनच काळी झाली."

"ती आता नाही."

तिचा हात थांबला. "मग फेकता काहून, भाऊ? उन्हात वाळवा, पोत्यात भरून ठेवा. पाऊस लागला का शेणखत घालून नवं झाड लावा."

ती पुन्हा आमच्या गल्लीत आली नाही. दर उन्हाळ्यात मी ती माती गच्चीवर वाळवतो आणि पोत्यात भरून ठेवतो. नवं झाड लावायचा धीर मात्र होत नाही; ते पत्नीने चहा घातलेली माती खाऊन वाढेल.