इंग्रजीतलं भांडण

पुसदच्या आमच्या शाळेत मी पाचवीला मराठी शिकवायची. इंग्रजीचा तास हवा असेल तर संगणकावरची बोलण्याची परीक्षा द्या, असं मोठ्या बाईंनी सांगितलं. सरावासाठी तोच प्रोग्राम मी घरच्या लॅपटॉपवर घेतला. पडद्यावर वाक्य यायचं, ते माईकमध्ये बोलायचं. नमुन्याच्या आवाजातल्या चढउताराची निळी रेघ वरखाली जायची, खाली माझी हिरवी उमटायची. उच्चारांना बरे गुण मिळत, पण माझी रेघ मात्र सपाट, जणू पेरणीआधी वखरलेलं वावर.

एका रविवारी सकाळी वाक्य आलं, “व्हेअर हॅव यू केप्ट माय कीज?” नेमक्या त्याच वेळी हे शेतात जायला निघाले होते आणि गाडीची चावी सापडत नव्हती. आदल्या दिवशी गाडी मी नेली होती.

“चावी कुठं ठेवली वं?” हे विचारत होते.

चावी त्यांच्याच सदऱ्याच्या खिशातून डोकावत होती. मी त्यांच्याकडे बोट करून तेच इंग्रजी वाक्य तडकून बोलले. हिरवी रेघ टुणकन उडाली आणि निळीला जाऊन चिकटली!

“आता असंच भांडू,” हे म्हणाले आणि शेत विसरून खुर्ची ओढून बसले. मग भाजीतल्या मिठावरून, ओल्या टॉवेलवरून आम्ही इंग्रजीत कडाडून भांडलो. हसू आवरत नव्हतं, पण आवाज चढलेलाच.

तेवढ्यात शेजारच्या काकू तुरीच्या शेंगांची टोपली घेऊन धावत आल्या.

“काय झालं वं माय? इंग्रजीत भांडून राह्यले म्हणजे गोष्ट मोठीच असन!”

यांनी सगळं समजावून सांगितलं. काकूंनी टोपली खाली ठेवली, पदर खोचला. “मंग मले बी भांडू द्या.” आणि माईकसमोर आपल्या नवऱ्याचा वऱ्हाडीत असा उद्धार केला की आम्ही पोट धरून हसलो. पडद्यावर शून्य आलं.

“याले काय समजते? आमच्या बुढ्याले बरोब्बर समजते!”

परीक्षेत मला चढउतारासाठी उत्तम गुण मिळाले. ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ अजून सारखेच ऐकू येतात, असा शेराही होता. पण तास मिळाला. मधल्या सुट्टीत मी यांना फोन लावला. हे शेतात होते.

“खरंच?” असं ते इतक्या मोठ्यानं ओरडले की तूर सोंगणाऱ्या बाया काय झालं म्हणून विचारू लागल्या. फोन तसाच हातात धरून हे त्यांना सगळं पहिल्यापासून सांगत सुटले आणि मी इकडून ऐकत राहिले.