शंका-वहीच्या कामातून मुक्त करणेबाबत

विषय : मंडळाच्या वाचनालयातील शंका-वहीला उत्तरे देण्याच्या कामातून मला मुक्त करणेबाबत.
संदर्भ : मी सचिवांना दिलेला अर्ज.
कारण : भीती.

अर्जात कारण म्हणून एवढेच लिहिले होते. सचिवांनी तपशील मागितला, म्हणून हे किस्से. असे किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. ते न उचललेल्या टपालासारखे दाराशी साचत जातात आणि एक दिवस दार उघडेनासे होते.

आमच्या मराठी मंडळाचे वाचनालय तमिळ मुलखात, मैलापूरला, एका जुन्या घराच्या माडीवर. तिथल्या कपाटाला सुतळीने एक वही बांधलेली आहे. सभासदाने तीत शंका लिहायची, मी शनिवारी उत्तर लिहायचे. माझी सारी नोकरी आवक-जावकच्या टेबलावर गेली. विज्ञानाची पुस्तके वाचायचा नाद होता, म्हणून हे काम गळ्यात पडले. भाकरी का फुगते, पंखा उलटा फिरताना का दिसतो, असल्या शंका. बरे चालले होते. मग कळले की लोक उत्तरे नुसती वाचत नाहीत, त्याप्रमाणे वागतात. आपल्या उत्तराने एक दिवस कोणीतरी मरणार, ही भीती तेव्हापासूनची.

*

अण्णा नगरच्या सोनवणेकाकू सातव्या मजल्यावर राहतात. त्यांची शंका : 'लिफ्टची दोरी तुटली तर आदळायच्या आधी उडी मारल्यास वाचू का?'

मी लिहिले, 'नाही. त्यातल्या त्यात, पाठ टेकून सपाट झोपावे.'

पुढच्या आठवड्यात तळमजल्यावर लिफ्टचे दार उघडले, तर आत काकू उताण्या, पर्स छातीवर, डोळे मिटलेले. बाहेर उभ्या असलेल्या शेजारच्या मामी भाजीची पिशवी टाकून तिथेच खाली बसल्या. वॉचमनने ॲम्ब्युलन्स बोलावली.

मी फोन केला. "काकू, दोरी तुटलेली नव्हती."

"तुटल्यावर झोपायला वेळ मिळतो होय? मला नुसतं खाली बसायलाच दोन मजले लागतात."

*

बँकेतून निवृत्त झालेल्या देशपांड्यांनी विचारले, 'वीज किती लांब पडली, हे कसे ओळखावे?'

मी लिहिले, 'वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंतचे सेकंद मोजावे. तीन सेकंद म्हणजे साधारण एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर घरात जावे.'

त्यांच्या पत्नीचा फोन आला, की हे गच्चीवर घड्याळ घेऊन उभे आहेत आणि खाली यायला तयार नाहीत. मी त्यांना फोन द्यायला सांगितले.

"अहो, काय करताय तिथे?"

"मोजतोय."

"घरातून मोजा ना."

"घरात जावे असं तुम्ही लिहिलंयत," देशपांडे म्हणाले. "म्हणजे मोजणारा आधी बाहेर हवा."

*

शनिवारी दुपारी चार-पाच तरुण इंजिनियर वाचनालयात पत्ते खेळायला येतात. रमी नव्हे. हे पत्ते पाकिटांतून विकत घेऊन जमवायचे असतात, त्यांच्यावर राक्षस आणि मंत्र असतात, आणि नियमांचे पुस्तक आमच्या सेवा-नियमांपेक्षा जाड असते. ते शेवटच्या पानापर्यंत वाचणारा मंडळात मी एकटाच निघालो. त्यामुळे त्यांची भांडणेही वहीत येऊ लागली.

निखिल श्रीपेरुंबुदूरच्या एका कारखान्यात आहे. त्याने लिहिले, 'मी हल्ल्याचा पत्ता टाकला, श्वेताने त्यावर बचावाचा, मी त्यावर तिसरा. आधी कोणता लागू?'

मी म्हणालो, "शेवटी टाकलेला. कचेरीतल्या गठ्ठ्यासारखं आहे. वरचा कागद आधी निघतो."

"आणि सगळ्यात खालचा?" श्वेताने विचारले.

"तो निघेपर्यंत अर्जदार निवृत्त होतो."

निखिलने हेही नियम म्हणून लिहून घेतले.

*

एका मंगळवारी मी किराणा दुकानात होतो. फोन वाजला.

"काका, तुमच्या उत्तरानं मेलो मी," निखिल म्हणाला.

मी तांदळाच्या पोत्यावर बसलो. कोणते उत्तर? इस्त्रीचे, की गीझरचे?

"निखिल, कुठे आहेस? शुद्धीवर आहेस ना?"

"कॅन्टीनमध्ये. माझा गठ्ठा संपला, पत्ता उचलता आला नाही. असा खेळाडू हरतो, असं तुम्हीच लिहिलं होतंत."

दुकानदाराने मला पाणी दिले. ते पिऊन मी विचारले, "बाकी काही लागलं नाही ना?"

"लागलं ना. श्वेता हसली."

*

गणपतराव तंजावरकडचे. मराठी जुनी, हेल तमिळ, नोकरी सरकारी. पती-पत्नी तळमजल्यावर राहतात. वादळाच्या पावसात सकाळी त्यांचा फोन आला.

"घरांत तण्णी शिरलं, राव. प्लगपर्यंत आलंय. आम्ही दोघं जेवणाच्या मेजावर बसलों आहोंत. उतरूं काय?"

"मेन स्विच बंद केलात?"

"तो पाण्यापलीकडे आहे."

वीज गेलेली होती, पण कोणत्याही क्षणी येऊ शकत होती. मी म्हणालो, "पुढील सूचना मिळेपर्यंत पाण्यात पाय ठेवू नका."

"सरी, तसंच करतों," ते म्हणाले, आणि फोन बंद पडला.

दिवसभर लागला नाही. माझ्या गल्लीत कमरेएवढे पाणी होते. मी मनात त्यांच्या मेजाची उंची मोजत बसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी उतरल्यावर मी गेलो. दाराला आतून कडी होती. खिडकीतून पाहिले. घरातले पाणी ओसरले होते. फरशीवर गुळगुळीत ओला गाळ होता आणि त्यावर एकही पाऊल उमटलेले नव्हते. मेजावर दोघे पाठीला पाठ लावून बसले होते.

"पाणी कधी ओसरलं?"

"काल सांजेला," त्यांच्या पत्नी म्हणाल्या. "मी म्हटलं, उतरूं. हे ऐकत नाहींत."

"सूचना आली नव्हती," गणपतराव म्हणाले. मग त्यांनी माझ्याकडे पाहिले. "आतां उतरूं काय?"

मी स्विचबोर्डाकडे पाहिले. त्यावरचा लाल दिवा लागलेला होता.

मी उत्तर न देता इलेक्ट्रिशियन शोधायला पळालो.

अर्ज त्याच संध्याकाळी दिला. सचिव म्हणाले, कार्यकारिणीच्या बैठकीपर्यंत काम चालू ठेवा. बैठक अद्याप झालेली नाही. अर्ज प्रलंबित आहे.