आईने निवडलेलं ग्राफिक्स कार्ड

परवा ऑफिसात नव्या कॉम्प्युटरचं खोकं उघडलं, थर्माकोलचा आणि नव्या प्लॅस्टिकचा वास आला आणि मला बारावीनंतरची ती दुपार आठवली. नाशिकला एम. जी. रोडवरच्या कॉम्प्युटरच्या दुकानात मी आईबरोबर उभी होते. गेम खेळायला स्वतः जोडायचा माझा पहिलाच कॉम्प्युटर. प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम सगळं व्हिडिओ बघून बघून आधीच ठरलं होतं. अडलं ते एकाच गोष्टीवर. हातातल्या पैशांत सगळे भाग बसवायचा रंगीत दिव्यांचा काचेचा कॅबिनेट घेतला तर ग्राफिक्स कार्ड साधं घ्यावं लागणार होतं, आणि आईला नेमका तोच कॅबिनेट आवडला. "घरात शोभून तरी दिसेल," ती म्हणाली. मी कार्डाचं महत्त्व सांगून थकले. शेवटी दुकानदार म्हणाला, "मावशी, तुम्हीच चालवून बघा ना," आणि त्याने साध्या कार्डावर तिला गाड्यांच्या शर्यतीचा गेम लावून दिला. गाडी अडखळत अडखळत वळणावर भिंतीला धडकली. मग त्याने तिला मोठ्या कार्डाच्या कॉम्प्युटरवर बसवलं. पदर खोचून, ओठ दाताखाली धरून आईने तेच वळण सफाईने घेतलं आणि ओरडली, "अगं, गेले बघ मी पुढे!" सगळं दुकान वळून बघायला लागलं आणि मी तिथेच उड्या मारल्या. "दिवे राहू द्या भाऊ," ती खुर्चीतून न उठताच म्हणाली, "हिला हे मोठं कार्डच द्या." आता मी मुंबईत नोकरीला, ती नाशकात, तरी रविवारी आमची ऑनलाइन शर्यत लागते, आणि ती मला सहजासहजी जिंकू देत नाही.